मेंढीला विचारू

"थांब, मेंढीला विचारू," असं म्हणून मामा हातातला पाना खाली ठेवायचे, डोक्यावरची टोपी काढून तिनंच तोंड पुसायचे आणि गिऱ्हाइकाला सांगायचे, "हं, कर चालू."

अंगणात बाभळीखाली एक म्हातारी मेंढी बांधलेली असायची. बहुतेक वेळा ती डोळे अर्धवट मिटून रवंथ करत बसलेली. गाडी चालू झाल्यावर तिचा जबडा हलत राहिला, तर मामांनी बनवलेला सायलेन्सर पास. तिनं जबडा थांबवून कान टवकारले, तर नापास. मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो, सायलेन्सर पुन्हा खाली निघायचा, उभा कापला जायचा, आतली जाळी बदलली जायची आणि पुन्हा मेंढीपुढं परीक्षा व्हायची.

एकदा एक जण वैतागून म्हणाला, "मेंढीला काय कळतं बे आवाजातलं?"

"तुझ्यापेक्षा कमी बोलती ती," ते म्हणाले. "म्हणून तिला विचारतो."

नांदूरघाटाहून केजला जाणाऱ्या रस्त्यावर तुम्ही कधी गेला असाल, तर पत्र्याचं ते दुकान तुम्ही पाहिलं असेल. पाटी नव्हती. बाभळीच्या फांद्यांना जुने सायलेन्सर टांगलेले असत, तीच पाटी. सगळे त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही म्हणायचे. त्यांच्या दुकानाला लागून माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र आहे. मधे फक्त एक पत्रा.

आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेली मी पहिलीच. आईवडील दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे आणि मी वसतिगृहात राहायचे. बी.कॉम. झाले आणि एका मोडक्या टेबलावर संगणक मांडून केंद्र सुरू केलं. गॅरेज, टायर, वेल्डिंग अशा रांगेत एकटी मुलगी बसलेली बघून सुरुवातीला कोणी आत येईना. दारापर्यंत यायचे, आत डोकवायचे, परत जायचे. तेव्हा मामा रोज सकाळी चहाचा ग्लास घेऊन माझ्या बाकड्यावर येऊन बसायला लागले. काही काम नसायचं त्यांचं. येणाऱ्या-जाणाऱ्याला मोठ्यानं सांगायचे, "या की आत. मॅडम हायती." आमच्या रस्त्यावर मला मॅडम म्हणणारे ते पहिले. हळूहळू बाकडं भरायला लागलं. मग एके दिवशी बसायला जागाच नाही असं बघून ग्लास घेऊन आले तसे परत गेले, आणि पुन्हा कधी बसायला आले नाहीत. त्यांनी ते कशासाठी केलं होतं हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, आणि मलाही आभार मानायची संधी दिली नाही.

मामा मूळचे मेंढपाळ. तरुणपणी दिंद्रुडला एका ट्रॉलीच्या कारखान्यात वेल्डिंग शिकले होते, पण मन मेंढरांतच. त्यांनी सुरुवातीला बनवलेल्या एका सायलेन्सरची गोष्ट लोक अजून सांगतात. आवाज खाण्यासाठी सायलेन्सरच्या आत काचेची लोकर भरतात. मामांना वाटलं, लोकर ती लोकर, आपल्या घरात पोती भरून पडली आहे. ती मोटारसायकल केजपर्यंत जळक्या केसांचा वास सोडत गेली म्हणे, आणि वाटेत प्रत्येक वस्तीवरची कुत्री तिच्यामागं लागली. कोणी ही गोष्ट काढली की मामा स्वतःच शेवट सांगायचे, "आवाज मात्र लई बेस आलता."

आता मेंढीबद्दल खरं काय ते सांगते. शेजारी राहून मला ते कळलं होतं, गिऱ्हाइकांना नाही.

बाभळीच्या डाव्या हाताला, दुकानाच्या मागच्या खोलीची एक लहान खिडकी होती. दोन उभे गज, वर जुन्या लुगड्याचा पडदा. त्या खिडकीशी मामींची खाट होती. मेंढरं घेऊन हिंडत असताना एका रानात मामींना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली, वाचाही गेली. आजारी बाईला घेऊन रानोमाळ हिंडता येत नाही. मामांनी आपली मेंढरं भावाच्या हवाली केली आणि हे दुकान टाकलं. फक्त एक मेंढी ठेवली. आई मेलेलं कोकरू म्हणून मामींनी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. तिला त्या खिडकीखालून कुठं हलवलं की ती ओरडून गाव डोक्यावर घ्यायची.

बीडच्या डॉक्टरांनी मामांना एक गोष्ट बजावली होती. मामींना अचानक मोठा आवाज सोसणार नाही. दचकल्या की त्यांना आकडी यायची, डोळे फिरायचे, दातखीळ बसायची. आणि आमच्या मामांचा धंदा आवाजाचा. लोक म्हणायचे, बाईला तिच्या माहेरी ठेवा. पण दर थोड्या वेळानं त्यांना कुशीवर वळवायला लागायचं, आणि ते मामांशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातानं त्या करून घ्यायच्या नाहीत.

मामांनी यावर एक तोड काढली होती. ग्राइंडर लावायच्या आधी, हातोडा मारायच्या आधी, ते मान वळवून हाक द्यायचे, "कारभारणी, लावतो गं." एवढं ऐकलं की मामी तयार व्हायच्या. सांगून आलेल्या आवाजाची त्यांना भीती वाटायची नाही. दिवसभर ती हाक पत्र्यातून माझ्याकडे यायची. मी फोनवर असले तर समोरच्याला आपोआप म्हणायचे, एक मिनिट थांबा. आणि खरंच, पुढच्या क्षणी ग्राइंडर सुरू व्हायचा.

कोणीतरी एकदा हसला, "मामा बायकोला विचारून मशीन लावतेत."

"तू न विचारता समदं करतो," मामा शांतपणे म्हणाले, "म्हणून तर तुझी माहेरी जाऊन बसली."

तर गाडी चालू व्हायची तेव्हा सगळ्यांचे डोळे मेंढीकडे असायचे. मामांचे डोळे खिडकीकडे. मामींचा डावा हात, हिरव्या बांगड्या घातलेला, गजावर असायचा. गाडीचा आवाज ऐकूनही हात गजावर राहिला तर पास. हात आत गेला तर नापास. गंमत अशी की मेंढीसुद्धा त्या हाताकडेच बघत असावी, कारण दोघींचा निकाल कधी वेगळा आला नाही. मी एकदा मामांना म्हटलं, मामींनाच विचारता ना तुम्ही? ते थोडे लाजले. म्हणाले, "बायकूचं नाव घेतलं तर लोक हसतेत मॅडम. मेंढीचं घेतलं तरी हसतेतच, पण मेंढीला."

मग एका हिवाळ्यात बीडचा एक पोरगा त्याची गाडी घेऊन आला. ठेकेदाराचा मुलगा. गाडी चारचाकी, शर्यतीची म्हणावी अशी, जमिनीला चिकटलेली, पुण्याहून जुनी घेतलेली. इंजिनवर त्यानं बरंच काम करून घेतलं होतं, पण मूळ सायलेन्सर त्या ताकदीला पुरेना. पुण्याहून आणलेला तयार संच आपल्याकडच्या गतिरोधकांनी दोनदा मोडून टाकला होता. सुरकुती न पडता पाइप वाकवणारा माणूस नांदूरघाटला आहे, असं त्याला कोणी तरी सांगितलं होतं. त्याला सगळंच नवीन हवं होतं, इंजिनच्या तोंडापासून मागच्या नळीपर्यंत, गाडीच्या पोटाशी घट्ट बसणारं. आणि आवाज असा, की गाव गोळा झालं पाहिजे.

"गाव गोळा करायचं आसल तर हलगी लाव," मामा म्हणाले. "गाडीला कशाला तरास?"

पोरगा हसला, पण हट्ट सोडेना. मामा गाडीखाली शिरले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता तसा झाला होता. लहान मुलाला जत्रेत नेल्यावर होतो तसा. असं काम त्यांच्याकडे कधी आलंच नव्हतं. ते म्हणाले, गाडी मोकळी पळेल याची हमी माझी, पण आवाज माझ्या मेंढीला पसंत पडेल तोच. धुराला वाट देतो, आवाजाला देणार न्हाई. पोरग्यानं मेंढीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि का कोण जाणे, कबूल झाला.

मग कितीतरी दिवस मामा त्या गाडीखालीच होते. जाड तार घेऊन आडवे व्हायचे, इंजिनच्या चार तोंडांपासून ती तार कुठून कशी न्यायची ते बघत वाकवायचे आणि बाहेर काढून बाभळीला टांगायचे. चार तारा, चारी सारख्या लांबीच्या, पुढं जाऊन एका ठिकाणी मिळणाऱ्या. लहान पोरांना वाटायचं मामांनी साप वाळत घातलेत. प्रत्येक तार झाली की मामा ती आधी खिडकीपुढं धरायचे, अशी, मग तशी फिरवून. मामी अर्ध्या तोंडानं हसायच्या. पसंत नसली की बोट हलवायच्या. मामा खरोखर ती तार पुन्हा वाकवायला घ्यायचे. मामींना त्यातलं काय कळत होतं, कोणास ठाऊक. पण त्या दिवसांत त्या कधी नव्हे इतका वेळ खिडकीशी बसून असायच्या, आणि मला वाटतं ते दोघं मिळून ती गाडी बनवत होते.

स्टीलचा पाइप वाकवायची त्यांची रीत जुनी. नदीची बारीक वाळू चाळून, ताडपत्रीवर चांगली वाळवायची. ती पाइपात ठासून भरायची, दोन्ही तोंडांना लाकडाचे खुंटे ठोकायचे, आणि मग ज्योतीनं पाइप लाल करून वाकवायचा. आत वाळू असली की पाइप चेपत नाही. फक्त वाळू कोरडी ठणठणीत हवी. ओली राहिली तर आत वाफ कोंडते.

त्या दिवशी ताडपत्री बाभळीशेजारीच पसरलेली होती. दुपारी मामा मामींना कुशीवर करायला आत गेले. थंडीचे दिवस, वाळू उन्हानं तापलेली. म्हातारी मेंढी दोरी ताणून ताडपत्रीवर आली आणि मधोमध ऊब बघून बसली. बसली, आणि उठताना वाळू ओली करून गेली. मामा बाहेर आले तोवर ती पुन्हा आपल्या जागी रवंथ करत होती. त्यांनी कडेनं मूठ भरून वाळू बघितली, हाताला कोरडी लागली. पाइप भरला, खुंटे ठोकले. ठोकण्याआधी हाक दिली, "ठोकतो गं." ज्योत लावण्याआधी हाक दिली. मेंढीचं मागाहून ताडपत्रीवरच्या ओल्या डागावरून कळलं, पण पाइप भरल्यापासूनचं सगळं मी पत्र्याच्या फटीतून नाही, दारात उभी राहून पाहिलं आहे. बीडचा पोरगाही तिथेच होता.

खुंटा बंदुकीतून सुटावा तसा सुटला आणि पत्र्याच्या दारावर आदळला. लागलं कोणालाच नाही. पण तो आवाज झाला, आणि त्या एका आवाजाआधी मामांना हाक देता आली नव्हती.

खिडकीच्या गजावरचा हात दिसेनासा झाला. मामा धावले. मी मागोमाग गेले. मामींना आकडी आली होती, ती थांबेना. नेहमी मामांनी कपाळावर हात ठेवला की थोड्या वेळात ओसरायची. यावेळी ओसरली नाही. मामांनी त्यांना घोंगडीत गुंडाळून उचलून बाहेर आणलं.

जिल्ह्यातली बहुधा सगळ्यांत वेगवान गाडी अंगणात उभी होती, पण तिला पाइप नव्हता. उघड्या तोंडाचं ते इंजिन चालू केलं असतं तर रस्त्यावरच्या खिडक्यांची तावदानं हलली असती. बीडचा पोरगा किल्ली काढून गाडीकडे पळालासुद्धा. दार उघडून आत बसला.

"न्हाई रे लेकरा," मामा म्हणाले. "तिला न्यायची हाय, भिववायची न्हाई."

तो तसाच स्टीअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. रांगेतल्या टायरवाल्याची भाजी वाहायची पिकअप होती, तिच्यात मागं गादी टाकून आम्ही मामींना बीडला नेलं. रस्ताभर मामा त्यांच्या कानाशी वाकून सांगत होते, आता खड्डा हाय गं, आता पूल हाय, आता समोरून ट्रक येतोय.

मामी दवाखान्यातून परत आल्या नाहीत. दुसरा झटका होता असं डॉक्टर म्हणाले. तो कधीही येणारच होता, आवाज झाला नसता तरीही. डॉक्टरांनी हे मामांना समजावून सांगितलं, मीही पुन्हा पुन्हा सांगितलं. मामा ऐकून घ्यायचे. "हां," म्हणायचे. शिकलेल्या माणसांचा मान ठेवायचा म्हणून म्हटलेलं ते हां होतं.

दिवस-कार्य झाल्यावर लोकांनी सुचवलं, ती मेंढी काढून टाका, डोळ्यासमोर कशाला. एक खाटीकही येऊन गेला. मामांनी त्याला चहा पाजून परत पाठवला. मला म्हणाले, "तिनं काय केलं पोरी? तिला ऊब पायजे होती." मला त्यांनी पोरी म्हटलं ते तेव्हाच, एकदा.

मेंढी बाभळीखालीच राहिली. मामांनी जागा बदलली ती वाळूची. वाळू आता ते कढईत भाजून घ्यायचे, लांब, रस्त्याच्या पलीकडे.

बीडचा पोरगा येऊन म्हणाला, मामा, राहू द्या, मी गाडी घेऊन जातो. मामा म्हणाले, "तिनं तारा पसंत केल्यात." पोरग्यानं किल्ली पुन्हा खिशात टाकली. बाभळीला टांगलेल्या चार तारा त्यांनी एकेक करून उतरवल्या आणि त्याबरहुकूम पाइप वाकवले. चारी पाइप एका ठिकाणी आणून जोडले, पुढं गोल डबा, त्यात जाळी, त्यात काचेची लोकर. वेल्डिंगचे टाके असे, की बोट फिरवलं तर अडत नव्हतं. फक्त एक बदलेना. ग्राइंडरच्या आधी ते अजूनही मान वळवायचे. तोंड उघडायचे. हाक यायची नाही. मी पत्र्याच्या इकडे फोन कानाला लावून थांबलेली असायचे आणि ग्राइंडर न सांगता सुरू व्हायचा.

गाडी तयार झाली त्या दिवशी रस्त्यावरची सगळी दुकानं तिथं जमली. म्हणजे पोराला हवं होतं तसं गाव गोळा झालं. मामांनी टोपी काढून तोंड पुसलं आणि नुसतेच उभे राहिले. शेवटी पोरगाच हळूच म्हणाला, "मामा, मेंढीला विचारायचं ना?"

"कर चालू," मामा म्हणाले.

तो आवाज मला सांगता यायचा नाही. मोठा नव्हता. खोल होता. मोठं जनावर झोपेत श्वास घेतं तसा. पोरग्यानं पाय दाबला तरी तो वर चढला नाही, भरत गेला. मेंढी रवंथ करत होती. लोकांनी मेंढीकडे बघून माना डोलावल्या. मामा डावीकडे, खिडकीकडे बघत होते. दोन गज, वर लुगड्याचा पडदा. गाडी चालूच राहिली. बंद कर असं ते म्हणेनात, आणि बंद करायचं धाडस पोरग्याला होईना. बऱ्याच वेळानं त्यानंच किल्ली फिरवली.

"पास ना मामा?"

"मला न्हाई सांगता यायचं," मामा म्हणाले. "घिऊन जा."

त्यानंतर त्यांनी कोणतंच नवीन काम घेतलं नाही. ज्वारी निघायच्या सुमाराला त्यांचा भाऊ मेंढरं घेऊन आला तेव्हा वेल्डिंगचं यंत्र त्यांनी टायरवाल्याकडे ठेवायला दिलं, मेंढीची दोरी सोडली आणि भावाबरोबर निघून गेले. मला सांगून गेले, म्हणजे दारात उभे राहून एवढंच म्हणाले, "मॅडम, येतो." त्यांच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. तिथे दिवसभर गाणी वाजतात. बाभळ आहे. खिडकी मोबाइलवाल्यांनी पत्रा ठोकून बंद केली.

मागच्या हिवाळ्यात मी स्कूटीवरून केजला निघाले होते. वाटेत रस्ताभर मेंढरं. थांबले, तर मामा. अंगावर घोंगडी, हातात काठी, दाढी पांढरी झालेली. म्हातारी मेंढी सगळ्यांच्या मागून, आपल्या चालीनं. मामांनी विचारलं, बाकड्यावर गर्दी असती का? मी म्हटलं, असते, तुमच्यामुळं. ते हसले आणि मेंढरांकडे बघत राहिले. आभार मानायचे होते ते मी एवढ्याच शब्दांत मानले, आणि त्यांनी ते ऐकले की नाही मला माहीत नाही.

तेवढ्यात ते थबकले. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मग आलं, बीडच्या बाजूनं, लांबून, खोल श्वासासारखं. मामांनी मेंढरं हाकलली नाहीत, काठी आडवी धरली नाही. त्यांनी डावीकडे मान वळवली. तिकडे हरभऱ्याचं रान होतं, दुसरं काही नाही.

"गाडी येतीय गं," ते हळू म्हणाले. "भिऊ नको."

गाडी आली, मेंढरांजवळ येऊन एकदम हळू झाली आणि त्यांच्यातून वाट काढत पुढं गेली. मेंढरं जरा बाजूला सरली आणि पुन्हा रस्ता भरून चालू लागली. एकीनंही मान वर केली नाही. मामा तिकडे बघत नव्हते. आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत ते हरभऱ्याकडे तोंड करून उभे होते.